असलेला पाय राखू या



कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या प्रयत्नांतून ‘जयपूर फूट’ साकारला. १९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो लाखो गरजूंना विनामूल्य दिला. हे कार्य वंदनीयच. तथापि असलेला पाय राखणे हे त्याच्याही आधीचे कर्तव्य होय.

अपघाताप्रमाणेच मधुमेहानेही पाय गमवावा लागतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. या व्याधीत पायाची संवेदना मंदावते, रक्तपुरवठा घटतो. वैशाखातील तापलेली फरशी वा चपलेतील खडा जाणवत नाही. दुखत नाही म्हणून जखमेकडे दुर्लक्ष होते. ती चिघळते आणि अखेर पाय कापावा लागतो. विडी-सिगारेटने हा धोका अधिकच वाढतो.

उपाय साधे आहेत. साखर आटोक्यात ठेवावी. रोज रात्री तळवे आरशात पाहावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात. मंदिरात प्रदक्षिणा उन्हाआधीच घालावी. कुरूप ब्लेडने कापू नये. कापडाचा व्यापारी म्हणून सांगतो, मोजे पांढरे व सुती घ्यावेत. त्यांवर रक्ताचा ठिपकाही लपत नाही. जखम दिसताच डॉक्टरांना दाखवावी. दुधनीहून सोलापूरला जाण्यात धंद्याचा एक दिवस मोडतो खरा. परंतु त्या दिवसापायी पाय गमावू नये.

सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने मधुमेहींसाठी पाय-तपासणी शिबिर दरवर्षी भरविण्याचा संकल्प करावा, ही नम्र विनंती.