एकटीचं सिंगापूर

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त महिला मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी पाच दिवस सिंगापूरला एकटी जाऊन आले, हे कळल्यापासून लिफ्टमध्ये दोन प्रश्न हमखास येतात. ‘भीती नाही वाटली?’ आणि ‘एकटीला कंटाळा नाही आला?’ आज दोन्हींची उत्तरं एकदमच देते.

भीतीवरचा उपाय म्हणजे शहर नीट निवडणं आणि तयारी. मुंबईहून विमानाने साधारण साडेपाच तास. व्हिसा आधी काढावा लागतो. पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत ‘अरायव्हल कार्ड’ ऑनलाइन भरायचं. सरकारी साइटवर ते फुकट आहे, कोणी पैसे मागितले तर साइट चुकीची समजा. विमान दिवसा उतरणारं घ्या आणि हॉटेल एमआरटी, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या स्टेशनपासून चालत जाण्याजोगं. पाट्या इंग्रजीत असतात, नळाचं पाणी पिता येतं. पोलिसांसाठी 999 आणि रुग्णवाहिकेसाठी 995 हे नंबर फोनमध्ये ठेवा. आणि अनोळखी माणसाची बॅग कितीही गोड बोलून दिली तरी हातात घेऊ नका. अमली पदार्थांसाठी तिथे फाशीपर्यंत शिक्षा आहे.

आता कंटाळ्याचं. खरं सांगू का, आपल्याला एकटीने फिरण्यापेक्षा एकटीने जेवायला बसण्याचा संकोच जास्त असतो. सिंगापूरची हॉकर सेंटर्स हा संकोच घालवतात. एका छपराखाली चिनी, मलय, भारतीय पदार्थांचे पुष्कळ स्टॉल आणि मधे सगळ्यांची मिळून टेबलं. टेबलावर टिश्यूपेपरचं पाकीट ठेवलं की जागा आपली! त्याला तिथे ‘चोप’ करणं म्हणतात. ऑफिसला जाणाऱ्या मुली, आजोबा, सगळे एकेकटे बसून जेवत असतात. तुमच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. जेवण झालं की ट्रे आपला आपण उचलायचा, तसा नियमच आहे. या हॉकर संस्कृतीची युनेस्कोने 2020 मध्ये दखल घेतली. शाकाहारी मैत्रिणींनी ‘व्हेजिटेरियन’ पाटीचा स्टॉल शोधावा, नाहीतर सरळ लिटल इंडिया गाठावं. तिथलं ‘कोमला विलास’ 1947 पासून डोसे खाऊ घालतंय.

पहाटे उठायची आपली सवय तिथे कामी येते. बोटॅनिक गार्डन पहाटे पाचला उघडतं, प्रवेश मोफत. 1859 मधली ही बाग 2015 पासून जागतिक वारसा यादीत आहे. फक्त ऑर्किडच्या बागेला तिकीट. तळ्याकाठी बाकावर मी दीड तास बसले. डबा नव्हता, फोन नव्हता, ‘चला, उशीर होतोय’ नव्हतं. संध्याकाळी ‘गार्डन्स बाय द बे’मध्ये उंच लोखंडी झाडांवर दिव्यांचा खेळ असतो, तोही फुकट.

आणि सोसायटीवाल्यांना आवडेल असं एक. तिथले बहुसंख्य लोक सरकारी मंडळाने बांधलेल्या इमारतींत राहतात. तळमजला बहुतेक मोकळा ठेवतात, त्याला ‘व्हॉइड डेक’ म्हणतात. तिथेच लग्नाचा मांडव पडतो, तिथेच अंत्यविधीला माणसं जमतात, एरवी म्हातारी मंडळी गप्पा मारतात. आपल्या पार्किंगमधल्या गणपतीची आठवण आली.

मैत्रिणींनो, आपण सहली पुष्कळ केल्या. पण तिथेही कोणाला चहा हवा, कोणाची गोळी राहिली, हेच बघत आलो. ‘आज मला काय बघायचंय?’ हा प्रश्न स्वतःला विचारायची वेळच येत नाही. मला तो पाच दिवस रोज सकाळी विचारावा लागला. पहिल्या दिवशी उत्तर सुचेना. तिसऱ्या दिवशी यादी संपेना!

लगेच परदेशी जा असं मी म्हणत नाही. येत्या रविवारी एकटीने नाटकाला जा, मध्यंतरात एकटीने बटाटेवडा खा. तेवढं जमलं की पासपोर्टचा फॉर्म भरायला माझ्याकडे या. चहा मी करीन.