फोन घरात आला, हातात आला का?

(शिक्षक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली. ग्रामीण महाराष्ट्रातील पहिली ते चौथीचे वर्ग उघडण्यास १ डिसेंबर २०२१ उजाडला. या काळात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी शासनाची घोषणा होती. हेतू चांगलाच होता. परंतु शिक्षण नेमके कोणाचे सुरू राहिले, हा प्रश्न आजही टाळता येत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी मुलांसाठी संगणक होता, इंटरनेट होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणाऱ्या कित्येक मुलांच्या घरी मात्र फोन एकच, आणि तोही सकाळी वडिलांच्या खिशातून कामावर जाणारा. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतात विद्यार्थ्यांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. २०२१ मध्ये ते ६७.६ टक्के झाले. तरीही फोन असलेल्या घरांतील चौथ्या हिश्श्याहून अधिक मुलांना तो अभ्यासासाठी मिळतच नव्हता. यंत्र घरात येणे वेगळे आणि मुलाच्या हाती लागणे वेगळे.

मग ही दरी कोणी बुजवली? सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ रंगवून घेतले. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर ध्वनिक्षेपकातून धडे ऐकू आले. दूरदर्शनच्या ‘सह्याद्री’ वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. तिला इंटरनेट लागत नव्हते. साधन साधेच, पण ते सर्वांचे होते.

हे प्रयत्न मोलाचे, पण पुरेसे नव्हते. दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ मध्ये देशात २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली. ही मुले आता वरच्या वर्गांत गेली आहेत. कच्चा राहिलेला पायाही त्यांच्याबरोबर वर गेला आहे.

मित्रहो, शाळेला संगणक भेट देऊन, छायाचित्र काढून आपले कर्तव्य संपत नाही. वीजबिल थकले की तो संगणक निव्वळ शोभेची वस्तू ठरतो. आपल्या गावातील शाळेत जा. वीज आहे का, जोडणी चालते का, यंत्र मुलांच्या हाती पडते की कपाटात राहते, ते पाहा. वस्तीतील एखादी खोली संध्याकाळी अभ्यासिकेसाठी उघडा, आठवड्यातील दोन संध्याकाळी तेथे स्वतः बसा. यंत्र विकत घेता येते. मुलाजवळ बसणारे माणूस समाजालाच द्यावे लागते.