स्वमग्न मुलाचे घर आणि आपण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका पालकाने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



या व्यासपीठावरून आजवर अनेक विद्वानांनी आपले विचार मांडले आहेत. मी विद्वान नाही, डॉक्टर नाही आणि वक्ताही नाही. सहकारी बँकेत तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेला मी एक सामान्य गृहस्थ आहे. संयोजकांनी मला येथे बोलावले, ते एका स्वमग्न मुलाचा पिता म्हणून. वास्तविक या विषयावर बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा माझ्या पत्नीचा अधिक आहे आणि निमंत्रणही आम्हा उभयतांना होते. परंतु आम्ही दोघे एकाच वेळी घराबाहेर पडलो तर मुलाजवळ कोण थांबणार, हा प्रश्न आमच्या घरात अजून पुरता सुटलेला नाही. म्हणून मी येथे आहे आणि ती घरी आहे. आज मी जे सांगणार आहे, ते बहुतांशी या एका गोष्टीविषयीच आहे.

स्वमग्नता, म्हणजे ज्याला आपण ऑटिझम म्हणतो, ती काय आहे हे प्रथम थोडक्यात सांगतो. ही मेंदूच्या विकासातील वेगळेपणामुळे निर्माण होणारी अवस्था आहे. इतरांशी संवाद साधणे, समोरच्याच्या चेहऱ्यावरील भाव ओळखणे, या आपल्याला न शिकवता येणाऱ्या गोष्टी अशा मुलांना सहज साधत नाहीत. तीच कृती पुनःपुन्हा करणे, ठरलेल्या क्रमात बदल न खपणे, काही आवाजांचा वा स्पर्शाचा कमालीचा त्रास होणे, ही तिची आणखी काही लक्षणे. मात्र सर्व मुले सारखी नसतात. एखादे मूल अस्खलित बोलते आणि पुढे पदवीधर होते, तर एखादे आयुष्यभर एक शब्दही उच्चारत नाही. काहींना सोबत बौद्धिक अक्षमता असते, तर काहींना फिट्स येतात. कारणे वेगळी असली तरी मतिमंदत्व किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या घरचे पुष्कळसे अनुभव आमच्यासारखेच असतात.

अशी मुले विरळा असतात, हा समजही खरा नाही. भारतात पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, २ ते ९ वर्षे वयाच्या साधारण आठ मुलांमागे एकाला मेंदूच्या विकासाशी निगडित कोणती ना कोणती अडचण असल्याचे आढळले. त्यात श्रवणदोष आणि अध्ययन अक्षमता यांचाही समावेश होता. म्हणजे हा विषय चार-दोन घरांपुरता नाही.

आता आमच्या घरी काय घडले ते सांगतो. आमचा मुलगा दीड वर्षाचा झाला तरी हाक मारल्यावर वळून पाहत नसे. पण शेजारच्या खोलीत बिस्किटांचा पुडा फोडला की धावत येई, म्हणजे कान उत्तम होते. पाणी हवे असले की तो बोट दाखवत नसे; आईचा हात धरून तो माठावर नेऊन ठेवी. स्वयंपाकघरातील चमचे एका ओळीत मांडून तासन्‌तास बसे. पत्नीला शंका आली होती. पण घरातील वडीलधारी मंडळी म्हणाली, ‘‘त्याचा बाप तरी कुठे लवकर बोलला होता? बोलेल हळूहळू.’’ मलाही तेच ऐकावेसे वाटत होते. त्यात आमची दोन वर्षे गेली. तो चार वर्षांचा झाल्यावर आम्ही त्याला सांगलीहून पुण्यास नेले आणि तेथे निदान झाले.

आज नातवंडे असलेली पुष्कळ मंडळी समोर बसली आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. मूल नावाने हाक मारल्यावर प्रतिसाद देत नसेल, वस्तूकडे बोट दाखवत नसेल, एखादी गंमत आणून दाखवत नसेल, किंवा येऊ लागलेले शब्द गमावत असेल, तर थांबू नये. दीड ते दोन वर्षांच्या वयात या लक्षणांची पडताळणी करता येते. २०१३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत शासकीय पातळीवरही अशी तपासणी होते. शंका खोटी ठरली तर काहीच बिघडत नाही. ती खरी असेल आणि आपण वाट पाहत बसलो, तर मुलाचे शिकण्याचे मोलाचे दिवस हातचे जातात.

पुण्याहून परतल्यावर आमच्या घरात पहिला प्रश्न ‘आता काय करायचे’ हा नव्हता. ‘हे कोणाकडून आले’ हा होता. कोणी पूर्वजन्मीचे पाप काढले, कोणी माहेरचे घराणे. कोणी म्हणाले, आई नोकरी करते, म्हणून मूल असे झाले. आणि येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. एके रात्री मीही तिला विचारले, ‘‘गरोदरपणी तू काही औषध घेतले होतेस का?’’ तिने उत्तर दिले नाही. उठली आणि मुलाचे अंथरूण नीट करू लागली. या गोष्टीला आता एकवीस वर्षे झाली. मी तिची क्षमा मागितली, पण ती फार उशिरा.

हा दोष केवळ आपल्या अडाणी समजुतींचा आहे, असे मात्र नाही. पाश्चात्त्य पंडितांकडूनही हाच प्रमाद घडला. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांच्या निरीक्षणावरून या अवस्थेचे वर्णन केले. पुढील काळात मातेच्या थंड, मायारहित वागणुकीमुळे मूल स्वमग्न होते, असे मत तेथे बोकाळले. ब्रुनो बेटेलहाइम यांच्या १९६७ सालच्या ग्रंथाने त्याला मोठी प्रसिद्धी दिली आणि असंख्य माता स्वतःला अपराधी समजत राहिल्या. या मताविरुद्ध १९६४ सालीच ग्रंथ लिहून उभे राहिलेले बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ तर होतेच, पण एका स्वमग्न मुलाचे पिताही होते. १९७७ साली ब्रिटनमध्ये जुळ्या भावंडांच्या २१ जोड्यांचा अभ्यास झाला आणि स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा मोठा वाटा असल्याचे स्पष्ट होऊ लागले. पुढे लसीमुळे स्वमग्नता येते, असा दावा १९९८ साली झाला. तो निबंध संबंधित वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. शास्त्राने आपली चूक दुरुस्त केली. आपल्या घरांतून ती अद्याप पुरती दुरुस्त झालेली नाही. आईच्या मायेत काही उणे पडले म्हणून मूल स्वमग्न होत नाही, एवढे एक वाक्य जरी आपण येथून घरी नेले, तरी माझे येणे सार्थकी लागले असे मी मानीन.

आमच्या घराचा दिनक्रम मुलाभोवती फिरतो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर चित्रांची एक पट्टी आहे: दात घासणे, अंघोळ, नाश्ता, कपडे, बाहेर जाणे. कोणती गोष्ट कशानंतर येणार हे दिसले की तो शांत राहतो. दात घासण्याचे काम आम्ही अकरा लहान पायऱ्यांत विभागून शिकवले आणि त्याला दीड वर्ष लागले. ‘पाणी’ हा शब्द त्याला उच्चारता येत नसे, तेव्हा तो पाण्याचे चित्र हातात देऊ लागला. ज्या दिवशी ते चित्र त्याने प्रथमच आपण होऊन आईच्या हातात ठेवले, त्या दिवशी आमच्याकडे सणासारखा स्वयंपाक झाला होता.

या वाटेवर फसवणूकही पुष्कळ होते. ‘हमखास गुण’ देणाऱ्या एका उपचारासाठी मी पत्नीच्या पाटल्या मोडल्या. गुण आला नाही, पाटल्याही गेल्या. वाचा-उपचार, व्यवसायोपचार आणि विशेष शिक्षण यांनी मुलाची क्षमता वाढते. स्वमग्नता मुळातून नाहीशी करणारे औषध मात्र आज उपलब्ध नाही. मूलपेशी उपचाराची स्वमग्नतेसाठी शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही २०२२ साली स्पष्ट केले आहे. हतबल आईबापांनी कर्ज काढण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

पैशापेक्षा आम्हाला अधिक जाणवला तो एकाकीपणा. एका जवळच्या लग्नात बँड सुरू होताच मुलाने कान घट्ट दाबून जमिनीवर लोळण घेतली. कोणी म्हणाले, ‘‘दोन फटके द्या, सरळ होईल.’’ कोणी आपली मुले दूर ओढून घेतली. तो आवाज त्याला आपल्या कानाशी फटाका फुटावा तसा लागत होता, हे समजावून सांगायला आमच्याजवळ तेव्हा ना वेळ होता ना शब्द. त्यानंतर आठ वर्षे आम्ही सहकुटुंब कोणत्याही कार्याला गेलो नाही. हळूहळू बोलावणीही कमी झाली. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. ‘त्यांना कशाला त्रास’ असाच विचार असे. परंतु त्या विचारामुळे आमचे दार आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून बंद झाले.

मुलगी त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. ती पाचवीत असताना शाळेत ‘माझे कुटुंब’ या विषयावर निबंध होता. त्यात आई होती, वडील होते, आजी होती, भाऊ नव्हता. तिला भावाची लाज वाटते, असे समजून मी रागावलो. ती म्हणाली, ‘‘बाबा, त्याच्याबद्दल लिहिलं की सगळे त्याच्याबद्दलच विचारतात. मला कुणी काही विचारत नाही.’’ तिच्या शाळेच्या एकाही स्नेहसंमेलनाला आम्ही दोघे मिळून गेलो नव्हतो, हे त्या दिवशी माझ्या ध्यानी आले. अशा घरातील दुसरे मूल न सांगता शहाणे होते आणि आपण त्याच्या शहाणपणाचे कौतुक करून मोकळे होतो. त्याला वेळ मात्र देत नाही. आपल्या नात्यात असे घर असेल, तर त्या भावंडाची स्वतंत्र विचारपूस जरूर करावी.

कायद्याच्या बाबतीत परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. आमच्या मुलाला प्रथम जे प्रमाणपत्र मिळाले, त्यावर ‘मतिमंद’ असे लिहिलेले होते, कारण १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व व बहुविकलांगता यांचा एकत्र विचार केला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आले आणि त्यांत स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान मिळाले. प्रमाणित ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या बालकाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना एक लाख रुपयांपर्यंतची आहे आणि तीत उपचारांचा खर्चही येतो.

आणखी एक बाब बहुतेक पालकांना ठाऊक नसते. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने आईवडील त्याचे नैसर्गिक पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तिच्याकडे अर्ज करून पालकत्व रीतसर घ्यावे लागते. मी बँकेत असूनही हे मला उशिरा कळले.

यापुढचा प्रश्न कोणत्याही अर्जाने सुटणारा नाही. आमच्यानंतर याचे कसे होणार? मुलगा आज पंचवीस वर्षांचा आहे. सकाळी तो पालकांनीच चालवलेल्या कार्यशाळेत कागदी पिशव्या करतो, दुपारी वरणभात जेवतो, संध्याकाळी ठरलेल्या रस्त्यानेच फिरावयास जातो. आम्ही साठी ओलांडली आहे. बहिणीवर सारा भार टाकणे न्यायाचे नाही. मृत्युपत्र केले, थोडी ठेवही केली. पण संध्याकाळी त्याच्यासोबत त्याच रस्त्याने चालणारे माणूस ठेवपावतीत मावत नाही.

म्हणून आपल्या संस्थेला आणि आपणा सर्वांना माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, अशा कुटुंबांना कार्यक्रमांना आवर्जून बोलवा आणि सभागृहालगत एक शांत खोली त्यांच्यासाठी मोकळी ठेवा. तीस खर्च लागत नाही. दुसरी, संस्थेच्या वास्तूत आठवड्यातून एक दुपार या मुलांसाठी राखून ठेवता आली, तर पालक एकमेकांना भेटू शकतील. तिसरी विनंती तरुणांना आहे. आठवड्यातील दोन तास अशा एका घराला द्या. त्या मुलाशी ओळख होऊ द्या, त्याची चित्रे, त्याच्या सवयी समजून घ्या.

आमच्या शेजारच्या एका विद्यार्थ्याने गेल्या वर्षी हे आपण होऊन सुरू केले. शनिवारी संध्याकाळी तो येतो आणि दोघे मिळून पिशव्यांना बंद लावत बसतात. पहिल्या शनिवारी आम्ही पतिपत्नी पुष्कळ वर्षांनी एकत्र बाहेर पडलो आणि आयर्विन पुलापर्यंत चालत गेलो. काय बोलावे हे दोघांनाही सुचेना. अखेर मुलाच्या जेवणाबद्दलच बोललो आणि अर्ध्या तासात परतलो. आता मात्र आम्ही पूल ओलांडून पलीकडे जातो.

उद्या त्या विद्यार्थ्याची परीक्षा आहे, म्हणून आज तो येऊ शकला नाही आणि माझी पत्नी येथे येऊ शकली नाही. असे आणखी दोघे-तिघे लाभले, तर पुढील वेळी या विषयावर तीच आपल्यापुढे बोलेल. तिच्याजवळ सांगण्यासारखे माझ्याहून कितीतरी अधिक आहे.