तान्ह्याचे थंडीतील वस्त्र



तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात येथील कापड गाड्यांतून भडोच बंदरी जात असल्याचा उल्लेख आहे. अशा वस्त्रप्रसिद्ध गावी बाळाच्या वस्त्रांविषयी आम्ही चार शब्द बोललो, तर ते अप्रस्तुत ठरू नयेत.

तेरणाकाठच्या पौषातील गारठ्याला भिऊन आपण तान्ह्याला गुंडाळतो आणि मायेपोटीच अतिरेक करतो. उकडले तरी ते पांघरूण दूर सारू शकत नाही. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा पातळ सुती कपड्यांचे थर बरे. आपल्या अंगावर जितके, त्याहून एक अधिक. हातपाय गार लागले तरी घाबरू नये. छाती किंवा मान चाचपावी. ती घामेजली असेल, तर एक थर कमी करावा.

कुंची बाहेरच्या वाऱ्यात उपयोगी. घरात निजविताना ती उतरवावी, कारण तिचे बंद गळ्याशी आवळू शकतात. गोधडी तोंडावर येऊ देऊ नये. बंद खोलीत बाजेखाली शेगडी ठेवण्याची चाल तर सोडलीच पाहिजे. कोळशाच्या विषारी वायूस वास नसतो. मायलेकरांचा झोपेतच घात होतो.

अशक्त, कमी वजनाच्या बाळास आईच्या उघड्या छातीची ऊब सर्वांत हितकर. बोगोटा येथील डॉक्टरांनी १९७८ नंतर ही रीत रूढ केली. आज ती जगन्मान्य आहे.

घरोघरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांनी हे मनावर घ्यावे, एवढीच आमची विनंती.