आधी कुणीतरी विचारायला हवं



उमराण्याच्या मार्केटला कांदा पडला की पारावर रात्रीपर्यंत भावाचीच चर्चा चालते. त्याच पारावर एखादा असा बसलेला असतो, की ज्याला कित्येक रात्री झोप नाही, ज्याच्या मनात ‘आपण नसलेलंच बरं’ हे सारखं घोळतंय. हे तो कुणाला सांगत नाही. दवाखान्यात गेलाच तर अंगदुखी सांगतो, ॲसिडिटी सांगतो, आणि सलाइन लावून घरी येतो.

असा माणूस एकटादुकटा नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचाराविना आढळले. आपण म्हणतो, तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ कुठे आहे? तक्रार खरीच आहे. पण तेवढंच कारण धरून बसणं मला पटत नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या घरोघरी गेल्या, ताणाबद्दल, झोपेबद्दल बोलल्या. ज्याला गरज, त्याला समुपदेशकाकडे नेलं. आजार जास्त असेल तरच डॉक्टरकडे. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्केच उपचारापर्यंत पोचत होते. दीड वर्षाने हे प्रमाण २७.२ टक्के झालं. आधीच्या वर्षभरात आत्महत्येचे विचार आलेल्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. तुलनेला दुसरी गावं घेतलेली नव्हती, त्यामुळे सगळी घट प्रकल्पामुळेच झाली असं मी म्हणणार नाही. पण माणसं उपचाराला आली, कारण कुणीतरी ओळखीचं उंबऱ्यापर्यंत गेलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

२०१५ मध्ये सरकारने शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प आणला. तो विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांसाठी होता, त्यांत आपला नाशिक नव्हता. म्हणून आपण थांबायचं का? आशाताई आपल्याकडेही आहेत. सोसायटीचे सचिव आहेत, औषधांचे दुकानदार आहेत. गप्प गप्प झालेला माणूस आधी यांच्याच नजरेस पडतो.

‘विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं भरेल’ ही भीती मनातून काढा. तसं होत नाही. सरळ विचारा, “भाऊ, जीव नकोसा वाटतो का?” तो हो म्हणाला, तर शपथा घालू नका, देवाधर्माचं सांगू नका. ऐकून घ्या, त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं कुलपात टाका आणि त्याच्याबरोबर दवाखान्यात जा.

पोलीस केसच्या धाकाने काही घरं उपचारच टाळतात. तो धाक नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा, उलट सिद्ध होत नाही तोवर, तीव्र तणावाखाली होता असंच मानावं, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी.

१४४१६ हा ‘टेली-मानस’ या सरकारी मदतवाहिनीचा नंबर लिहून घ्या. चोवीस तास, मराठीतून, पैसे न लागता बोलता येतं. आणि फोन त्यानेच करायला हवा असं नाही. त्याच्या भावाने, बायकोनेही करावा.