जिवंत सृष्टीचे खेळ आणि त्यांचे भवितव्य

१९३७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, २२ व २३ या तारखांस, वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तीतून निर्माण झालेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने सात वर्षांच्या शिक्षणाची योजना आखली आणि साडेपाच तासांच्या शाळेपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगास दिली. टकळीवर सूत काढणाऱ्या मुलास त्याची चूक गुरुजींनी सांगावी लागत नाही. पीळ कमी पडला की धागा स्वतःच तुटतो. वस्तूने उत्तर द्यावे, मुलाने पुन्हा यत्न करावा आणि त्या यत्नातूनच गणित, भूगोल व व्यवहार उलगडत जावा, हे नयी तालीमचे मर्म होय.

वर्ध्याच्या या विचाराशी संगणकावरील खेळांचा संबंध जोडणे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. मोबाईलच्या पडद्यात डोके खुपसून बसलेली मुले पाहून वडीलधाऱ्यांस जी चिंता वाटते, ती अगदीच अस्थानी नाही. तथापि सगळे खेळ एकाच माळेचे मणी नव्हेत. त्यांत एक कुळ असे आहे की, त्याचे मर्म टकळीच्या मर्माहून फार दूर नाही. त्यास ‘इमर्सिव्ह सिम’ असे नाव पडले आहे. मराठीत त्यांस जिवंत सृष्टीचे खेळ म्हणावयास हरकत नाही.

बहुतेक खेळांत कर्त्याने वाट आधीच आखून ठेवलेली असते. खेळणाराने ती शोधावयाची आणि ठरल्या ठिकाणी ठरली कळ दाबावयाची. जिवंत सृष्टीच्या खेळात कर्ता वाट आखीत नाही. तो नियम घालून देतो. अग्नीने लाकूड जळावे, पाण्याने मशाल विझावी, फरशीवर पाऊल वाजावे व गालिच्यावर वाजू नये, पहारेकऱ्याने आवाजाच्या रोखाने यावे. इतके झाले की पुढचा मार्ग ज्याचा त्याने काढावा. कुलूपबंद दार असेल तर कोणी किल्ली शोधील, कोणी कुलूप युक्तीने उघडील, कोणी दार फोडील, तर कोणी हवेच्या झरोक्यातून आत शिरेल.

या परंपरेचा उगम अमेरिकेत १९९२ साली निघालेल्या ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’ या खेळात मानला जातो. तो रचणारी मंडळी पुढे ‘लुकिंग ग्लास’ या नावाने ओळखली गेली. ‘सिस्टिम शॉक’ हा १९९४ चा आणि ‘थीफ’ हा १९९८ चा खेळ त्यांचाच. २००० साली वॉरन स्पेक्टर यांच्या नेतृत्वाखाली ‘डेउस एक्स’ तयार झाला. त्यात भिंतीला चिकटणारे सुरुंग होते. ते एकावर एक चिकटवून त्यांचीच शिडी करीत खेळणारे उंच भिंती चढून गेले. ही युक्ती कर्त्यांच्या स्वप्नातही नव्हती. परंतु सृष्टीच्या नियमांत ती बसत होती, म्हणून ती साधली. या खेळांचे सारे वैभव अशा प्रसंगांत आहे.

परंतु हे वैभव महाग पडते. दहा वाटा शक्य करावयाच्या म्हणजे दहाही वाटा पारखून घ्याव्या लागतात. आणि खेळणारा मात्र त्यांपैकी एकदोनच पाहतो. यास्तव रसिकांची वाहवा आणि विक्रीचा हिशेब यांचा मेळ क्वचितच बसला. लुकिंग ग्लास २००० च्या मे महिन्यात बंद पडली. फ्रान्समधील लिऑं येथे १९९९ साली निघालेल्या ‘आर्केन’ संस्थेने ‘डिसऑनर्ड’ व ‘प्रे’ यांसारख्या कृतींनी ती परंपरा पुढे चालविली. पण ज्या ऑस्टिन शाखेने २०१७ साली ‘प्रे’ रचला, तीही मे २०२४ मध्ये बंद झाली.

मग हे कुळ निर्वंश होणार काय? तसे दिसत नाही. त्याचे नाव मागे पडत असता त्याचे तत्त्व मात्र दूरवर पसरले आहे. जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या २०१७ सालच्या ‘झेल्डा’ खेळात गवत पेटते, वर उठणाऱ्या गरम हवेने खेळणाऱ्यास उंच जाता येते, आणि अंगावर धातू असेल तर वीज पडते. त्या खेळाच्या तीन कोटींहून अधिक प्रती खपल्या. दुसऱ्या टोकास, अल्पशा मनुष्यबळावर रचलेला ‘शॅडोज ऑफ डाउट’ २०२४ साली पूर्ण झाला. त्यात शहराच्या प्रत्येक रहिवाशास घर, नोकरी आणि दिनक्रम आहे. यावरून भवितव्याची दिशा दिसते. सृष्टी अफाट असण्याची गरज नाही. ती सखोल असावी. शंभर मैलांच्या निर्जीव प्रदेशापेक्षा खऱ्या नियमांनी चालणारी एक गल्ली अधिक मोलाची.

अल्प साधनांच्या प्रदेशास यातच आशा आहे. महाराष्ट्रात असे कसब नाही असे नव्हे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेने २०२० साली ‘राजी’ हा खेळ जगापुढे ठेवला. त्याआधी २०१७ साली लोकवर्गणीचा तिचा प्रयत्न फसला होता. ‘राजी’ची वाट आखीव आहे, तो या कुळातला नव्हे, पण इथल्या मातीतली कथा जगास रुचते एवढे त्याने सिद्ध केले.

पुढचे पाऊल वर्धा जिल्ह्यातही टाकता येईल. हिंगणघाटच्या कापूसबाजाराचा एक दिवस घ्यावा. आकाशात ढग आहेत, गाडीत कापूस आहे. आर्द्रता ८ टक्क्यांहून वाढली की भाव उतरतो आणि १२ टक्क्यांपुढे भारतीय कापूस महामंडळ माल घेत नाही. व्यापारी रोख देतो, पण कमी देतो. घरी सावकार वाट पाहत आहे. थांबावे, झाकावे, विकावे की शेजाऱ्याशी मिळून गाडी करावी? नियम इतकेच, उत्तर ज्याचे त्याने शोधावे. शहरातील सुखवस्तू घरातील मुलास कापसाचे अर्थशास्त्र दहा धड्यांनी कळणार नाही, ते अशा एका सायंकाळी कळेल.

एक मर्यादा मात्र विसरता कामा नये. पडद्यावरील कापसाने कोणाचे अंग झाकत नाही, आणि हाताच्या श्रमाची जागा बोटांच्या हालचालीने भरून निघत नाही. टकळीचे काम खेळ करू शकणार नाही. परंतु खेळ तर घरात आलेच आहेत. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांवर २०२५ सालच्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली. अनिष्टास दार लावणे कायद्यास साधते. इष्टास घरात आणणे पालकांच्या व रचनाकारांच्या हाती असते. मुलाच्या हाती खेळ देताना ‘हा किती वेळ खातो?’ एवढेच पाहून भागत नाही. ‘यात त्यास स्वतःची वाट काढता येते काय, आणि चुकल्यास सृष्टी त्यास खरे उत्तर देते काय?’ हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे. तो जितक्या घरांत विचारला जाईल, तितके या खेळांचे भवितव्य उजळ होईल.