मावशीची स्पॅनिश

मी सातवी शिकलेली; विदुषी नव्हे. माझी धाकटी बहीण मेक्सिकोत सासरी आहे. तिच्या पाच वर्षांच्या मुलाला स्पॅनिशच येते. (तिने त्याला मराठी शिकवायला हवी होती, पण ते असो.) एकदा फोनवर त्याने काही विचारले, मी नुसती हसले. "मावशी, तू केव्हा येणार?" असे तो विचारीत होता, हे मागाहून कळले. ते मनाला फार लागले.

पुस्तक मिळाले तेही इंग्रजीतले! लेकीला अर्थ विचारून प्रत्येक वाक्यापुढे मी मराठी लिहिले, आणि वाट मोकळी झाली. 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे 'मला कॉफी आवडते'. रचना अगदी आपलीच. परक्या थोरांना 'उस्तेद', घरच्या लहानांना चक्क 'तू'. बालदीला 'बाल्दे', पावाला मात्र 'पान' म्हणतात बरे! पोळ्या लाटताना मी हे मोठ्याने घोकते.

शब्द सुटा पाठ करू नये. आधीच्या 'एल' किंवा 'ला'सकट करावा. 'मानो' म्हणजे हात. परवा मी 'एल मानो' म्हटले, तर भाचा फोनवरूनच ओरडला, "ला मानो, तीआ!" तीआ म्हणजे मावशी.